कानाच्या पाळीपर्यंत: थायलंडच्या शाळकरी मुलांचा केसांसाठीचा लढा

जून २०२०. बँकॉकच्या भर वर्दळीत एक शाळकरी मुलगी खुर्ची मांडून बसली आहे. अंगात शाळेचा गणवेश, तोंडावर चिकटपट्टी, गळ्यात पाटी आणि जवळ कात्री. पाटीवरच्या मजकुराचा आशय असा: या विद्यार्थिनीने शाळेचा नियम मोडला आहे, तिचे केस कानाच्या पाळीखाली गेलेत, कपाळावर बटा आहेत, तरी तिला शिक्षा करावी. म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याने कात्री उचलावी आणि तिचे केस कापावेत.

शाळेच्या आवारात हे वर्षानुवर्षं घडत आलं होतं. सकाळी प्रार्थनेच्या रांगेत शिक्षक मागून येणार, केसांत बोटं घालून लांबी बघणार आणि नियमापेक्षा जास्त भरली तर तिथेच कात्री चालवणार. मुद्दाम वेडंवाकडं कापायचं, म्हणजे घरी जाताना रस्त्यावरच्या सगळ्यांना दिसेल. आई-वडिलांनीही लहानपणी हे सोसलेलं, त्यामुळे घरी तक्रार केली तरी 'नियम पाळायचा होतास' एवढंच ऐकायला मिळे. त्या मुलीने आणि तिच्या सोबत्यांनी इतकंच केलं, की शाळेच्या फाटकाआड चालणारी गोष्ट जशीच्या तशी उचलून चौकात आणून ठेवली. ना घोषणा, ना भाषण. कात्री तीच, फक्त आता ती कुणाही अनोळखी माणसाच्या हाती द्यायला ठेवलेली. शिक्षकाच्या हातात जे शिस्त म्हणून खपत होतं, ते परक्याच्या हातात काय दिसतं, हे बघणाऱ्याने स्वतःच ठरवायचं होतं.

तरुणांसोबत काम करणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण मुळातून समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. आशियात गेल्या दहा-पंधरा वर्षांत तरुणांची कितीतरी मोठी आंदोलनं झाली, काहींनी सरकारं उलथवली. त्यापुढे केसांचा प्रश्न किरकोळ वाटेल. पण थायलंडमधली ही एक मागणी पार सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयापर्यंत, म्हणजे सरकारी नियम-निर्णयांविरुद्धचे दावे ऐकणाऱ्या सर्वांत वरच्या न्यायालयापर्यंत, गेली आणि तिथे जिंकली. ती कशी गेली, मध्ये कुठे अडकली आणि जिंकल्यावरही काय उरलं, हे पाहण्यासारखं आहे.

नियम आला कुठून

१९७१ च्या नोव्हेंबरमध्ये फील्ड मार्शल थानोम कित्तिकाचोर्न यांनी स्वतःच्याच सरकारविरुद्ध उठाव करून संसद आणि घटना मोडीत काढली. पुढच्याच वर्षी त्यांच्या लष्करी राजवटीने विद्यार्थ्यांच्या वर्तनाबद्दल फर्मान काढलं आणि त्याच्या आधाराने शिक्षण मंत्रालयाचे केसांचे नियम आले. मुलांनी डोकं जवळजवळ भादरलेलं ठेवायचं आणि मुलींनी कानाच्या पाळीपर्यंतच केस राखायचे. मुलींच्या या केशरचनेला थाई बोलीत नावच पडलं 'तिंग हू', म्हणजे कानाची पाळी.

१९७३ च्या ऑक्टोबरमध्ये विद्यार्थ्यांच्याच उठावाने थानोम यांना देश सोडावा लागला. थायलंडच्या इतिहासातला तो अभिमानाचा क्षण मानला जातो. पण शाळेतला नियम मात्र उठला नाही. १९७५ मध्ये त्यात थोडी ढील दिली गेली, इतकंच: मुलांचे डोक्यावरचे केस ५ सेंटिमीटरपर्यंत चालतील, बाजूने मात्र भादरलेले हवेत, मुलींचे मानेपर्यंत, आणि शाळेने परवानगी दिलीच तर लांब केस नीट बांधून. हुकूमशहाला हाकलणाऱ्या पिढीची मुलं, मग नातवंडं, त्याच राजवटीच्या मापाने केस कापत राहिली. पुढे निवडून आलेली सरकारं आली, परत लष्कर आलं, घटना बदलल्या. या नियमाला कुणी हात लावावा असं कुणाच्या मनात आलं नाही, कारण तो राजकारणाचा विषय आहे असं कुणाला वाटतच नव्हतं.

इथे एक सांस्कृतिक गोष्ट समजून घ्यायला हवी, नाहीतर हा सगळा राग कळणार नाही. थाई लोकांत डोकं हा शरीराचा सगळ्यांत पवित्र भाग. मोठ्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवणं हा अपमान, झोपलेल्याच्या डोक्यावरून ओलांडणंही अशुभ. पूर्वी मुलांच्या डोक्यावर शेंडी राखत आणि ती उतरवण्याचा मोठा विधी होई, आपल्याकडच्या जावळासारखाच. कात्री लागायची ती मंत्रांसह. आणि त्याच समाजात शिक्षकाला मात्र कुठल्याही मुलाच्या डोक्याला हात लावायची मुभा होती.

ही मुभा कशाच्या जोरावर? थाईत शिक्षकाला 'ख्रू' म्हणतात, आपल्या 'गुरू'चंच रूप. दरवर्षी 'वाई ख्रू' नावाचा गुरुवंदनाचा सोहळा होतो. मुलं गुडघ्यांवर बसून शिक्षकांपुढे फुलं ठेवतात. गुरूने आणि आई-बापांनी केलेल्या उपकाराला 'बुनखुन' म्हणतात. पुण्य आणि गुण या दोन शब्दांतून तो बनला आहे, आणि हे ऋण कधीच फिटत नाही अशी समजूत. मराठी वाचकाला हे परकं वाटणार नाही. या भावनेत सुंदर असं पुष्कळ आहे, ते मी नाकारत नाही. पण ज्याचं ऋण फिटत नाही त्याला जाब विचारता येत नाही, आणि कात्री त्याच फटीतून आत आली.

आधी कुणी बोललं होतं का

बोललं होतं. २०१२-१३ च्या सुमारास नेतिविट चोतिफत्फायसाल हा शाळकरी मुलगा केसांच्या सक्तीविरुद्ध आणि एकूण शिक्षणपद्धतीविरुद्ध उघडपणे लिहू-बोलू लागला. २०१३ मध्ये मंत्रालयाने शाळांना थोडी ढिलाई दाखवायला सांगितलं. पण शाळांनी ते मनावर घेतलं नाही आणि नेतिविटवर उद्धटपणाचा शिक्का बसला तो बसलाच. पुढे तो चुलालोंगकोर्न विद्यापीठात गेला, विद्यार्थी मंडळाचा अध्यक्ष झाला. २०१७ मध्ये राजा चुलालोंगकोर्न यांच्या पुतळ्यापुढे नव्या विद्यार्थ्यांनी साष्टांग लोटांगण घालायच्या समारंभात तो वाकून नमस्कार करून उभा राहिला. त्याचं म्हणणं साधं होतं: लोटांगणाची प्रथा याच राजाने १८७३ मध्ये रद्द केली होती. विद्यापीठाने त्याला अध्यक्षपदावरून काढलं.

नेतिविटचं मला कौतुक वाटतं, पण तो एकटा पडला. एकट्या मुलाला 'वाया गेलेला' म्हणून बाजूला सारणं सोपं असतं. २०२० मध्ये आलेल्या मुलांनी यातून काय घेतलं ते त्यांच्या नावातच दिसतं. त्यांनी आपल्या गटाला नाव दिलं 'नाक्रिअन लेव', म्हणजे वाईट विद्यार्थी. जी शिवी पडणारच होती ती त्यांनी आधीच स्वतःच्या पाटीवर लिहून टाकली. त्यानंतर कुणी त्यांना वाईट म्हटलं तर ते नुसतं त्यांचं नाव घेतल्यासारखं होई.

एक कलम

आता या प्रकरणातला माझ्या मते सर्वांत शिकण्यासारखा भाग.

मे २०२० मध्ये शिक्षण मंत्रालयाने नवा नियम काढला. वरवर पाहता मुलांना हवं ते मिळालं होतं. मुलगा असो वा मुलगी, केस आखूड किंवा लांब ठेवता येतील. मुलांचे लांब केस मानेच्या केशरेषेखाली जायला नकोत, मुलींचे लांब केस नीट बांधलेले हवेत. रंग नको, कुरळे करणं नको, मुलांनी दाढी-मिशी नको. बातम्या आल्या, मुलं खूश झाली.

पण त्याच नियमात एक कलम होतं, की तपशिलाचे नियम शाळा आपापल्या पातळीवर ठरवू शकतील. १ जुलैला, करोनाच्या टाळेबंदीनंतर, शाळा उघडल्या. मुलं नव्या नियमाप्रमाणे केस राखून आली आणि फाटकातच कळलं की आमच्या शाळेचा नियम जुनाच आहे. समाजमाध्यमांवर अर्धवट कापलेल्या केसांचे फोटो येऊ लागले. मंत्रालय म्हणे, आम्ही सूट दिली आहे. शाळा म्हणे, मंत्रालयाने ठरवायचा अधिकार आम्हाला दिला आहे. दोघांचंही खरं होतं, आणि मूल मधल्या मध्ये उभं. याला मराठीत केसाने गळा कापणं म्हणतात.

मुलं इथे नुसती चिडून थांबली नाहीत, त्यांनी कागद वाचले. थायलंडमध्ये विद्यार्थ्यांना देण्याच्या शिक्षांबद्दल २००५ चा मंत्रालयाचा नियम आहे. त्यात चारच शिक्षा दिल्या आहेत: ताकीद देणं, वर्तन सुधारण्याचा करार लिहून घेणं, वर्तनाचे गुण कापणं आणि वर्तन सुधारेल असे उपक्रम करून घेणं. छडी यात नाही. आणि कात्रीही नाही. म्हणजे केस लांब ठेवणं नियमाविरुद्ध आहे असं क्षणभर धरलं, तरी ते शिक्षकाने बळजबरीने कापणं हाही नियमभंगच. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनी हे हातात धरलं आणि वादाचं तोंडच फिरवलं. तोवर प्रश्न होता, मुलांनी नियम का मोडावा? आता प्रश्न झाला, शिक्षक नियम का मोडतात?

शाळेत, वसतिगृहात, कुठेही जिथे 'इथली पद्धतच अशी आहे' असं सांगितलं जातं, तिथे ती पद्धत कुठे लिहिली आहे ते मागून वाचायचं, हे मला या मुलांकडून शिकण्यासारखं वाटतं. अनेकदा ती कुठेच लिहिलेली नसते.

शिट्ट्या आणि रांग

२०२० मध्ये सगळा देशच ढवळून निघत होता. फेब्रुवारीत तरुणांचा आवडता फ्युचर फॉरवर्ड पक्ष न्यायालयाने विसर्जित केला, जुलैत लोकशाही स्मारकापाशी मोठा मोर्चा निघाला, १० ऑगस्टला थम्मासात विद्यापीठात राजसंस्थेच्या सुधारणेच्या १० मागण्या जाहीरपणे वाचल्या गेल्या. ज्या देशात राजाच्या अवमानाला प्रत्येक गुन्ह्यामागे ३ ते १५ वर्षांची कैद आहे, तिथे हे धाडस होतं. ती लाट शाळांपर्यंत आली. ऑगस्टच्या मध्यावर शाळाशाळांत मुलांनी पांढऱ्या फिती बांधल्या आणि सकाळी ८ वाजता राष्ट्रगीत सुरू असताना तीन बोटं वर केली. २०१४ च्या लष्करी उठावानंतर निषेधाची खूण म्हणून रुळलेलीच ती तीन बोटं.

१९ ऑगस्टला शेकडो मुलं शिक्षण मंत्रालयासमोर जमली. शिक्षणमंत्री नताफोल तीप्सुवान बोलायला बाहेर आले. मुलांनी शिट्ट्या फुंकायला सुरुवात केली. हे नुसतं हुर्यो करणं नव्हतं. २०१३-१४ मध्ये निवडून आलेल्या सरकारविरुद्ध बँकॉक ठप्प करणारं जे आंदोलन झालं त्याची खूण शिट्टी होती, आणि नताफोल त्या आंदोलनाच्या पुढाऱ्यांत होते. त्यांचीच शिट्टी मुलांनी त्यांना ऐकवली. आणि पुढचा प्रसंग तर मला फारच आवडतो: मंत्र्यांना बोलायचं होतं, तर मुलांनी त्यांना सांगितलं, रांगेत मागे उभे राहा, तुमचा नंबर आला की बोला. ज्या मुलांची अख्खी हयात रांगेत उभं राहण्यात गेली, त्यांनी मंत्र्यांना रांग दाखवली.

त्यांच्या मागण्या तीन होत्या: विद्यार्थ्यांना धमकावणं थांबवा, कालबाह्य नियम रद्द करा, शिक्षणव्यवस्था सुधारा. आणि जोडीला एक अट: हे जमत नसेल तर राजीनामा द्या. ५ सप्टेंबरला मुलांनी परत मंत्रालयासमोर सभा घेतली आणि मंत्री त्यांच्याशी समोरासमोर वादाला आले. मंत्र्यांना याचं श्रेय द्यायला हवं. अनेक देशांत एवढंही घडत नाही. पण नियमातलं ते कलम जागचं हललं नाही.

नोव्हेंबरमध्ये मुलांनी रस्त्यावर फुगवलेले डायनोसॉर आणले आणि उल्का म्हणून मोठमोठे चेंडू त्यांच्यावर उडवले. जुन्या विचारांच्या सत्ताधाऱ्यांना निरोप, असा अर्थ. फोटो जगभर गेले. मला स्वतःला मात्र त्या दिवशीची दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. शाळेचा गणवेश घालून एक तरुणी हातात फलक घेऊन उभी राहिली: शिक्षकांनी माझं लैंगिक शोषण केलं, शाळा ही सुरक्षित जागा नाही. तिच्यावर टीकेचा भडिमार झाला. ती आता विद्यार्थिनी नाही मग गणवेश का, असंही विचारलं गेलं. पण केसांवरून सुरू झालेलं बोलणं किती खोल जाऊ शकतं, हे तिथे दिसलं. माझ्या केसांना हात लावू नका, हे म्हणता येऊ लागलं, तेव्हा माझ्या शरीराला हात लावू नका, हे म्हणायला जागा झाली. केसांचा प्रश्न क्षुल्लक म्हणणाऱ्यांना मी हेच सांगेन.

किंमतही चुकवावी लागली. त्याच महिन्यात 'वाईट विद्यार्थी' गटाच्या पुढाकार घेणाऱ्या मुलांना मोर्चात भाग घेतल्याबद्दल पोलिसांच्या नोटिसा आल्या. त्यांतले काही अठराच्या आतले होते. १ डिसेंबरला मुलांनी घरच्या कपड्यांत शाळेत जाण्याची हाक दिली. कुठे आत घेतलं, कुठे फाटकातूनच परत पाठवलं. नताफोल यांचं मंत्रिपद फेब्रुवारी २०२१ मध्ये गेलं, पण मुलांमुळे नाही. शिट्टीच्या त्या जुन्या आंदोलनातल्या खटल्यात न्यायालयाने त्यांना शिक्षा सुनावली. मंत्री बदलले. रस्त्यावरचा जोर करोनाच्या पुढच्या लाटांत आणि खटल्यांच्या सत्रात ओसरला.

तेवीस जणांचा अर्ज

रस्त्यावर हे सगळं चालू असताना, २०२० मध्येच, २३ विद्यार्थ्यांनी न्यायालयात अर्ज केला होता, की १९७५ चा नियम घटनाविरोधी आहे, तो रद्द करा. त्यात ना डायनोसॉर होते, ना शिट्ट्या, त्यामुळे तिकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. मला वाटतं, या प्रकरणाचा कणा हा अर्ज आहे. मोर्चा संपला की घरी जातो. दाखल झालेला अर्ज तारखांवर तारखा पडत का होईना, जिवंत राहतो.

मधल्या काळात, जानेवारी २०२३ मध्ये, मंत्रालयाने २०२० चा नियम मागे घेतला आणि केसांचं काय करायचं ते शाळांनीच ठरवावं असं जाहीर केलं. 'नियम रद्द' अशा मथळ्याखाली ही बातमी आनंदाची म्हणून छापली गेली. पण तीन वर्षांपूर्वी ज्या कलमाने घोळ घातला होता, तेच कलम आता एकटं शिल्लक राहिलं होतं. ज्या शाळेचे मुख्याध्यापक समजूतदार, तिथली मुलं सुटली. बाकीच्यांना दाद मागायला २०२० चा तो वरचा कागदही उरला नाही, आणि १९७५ चा नियम मात्र पुस्तकात तसाच होता.

मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने १९७५ चा नियम रद्द ठरवला. घटनेने दिलेल्या व्यक्तिस्वातंत्र्यावर तो घाला घालतो आणि आजच्या समाजाशी त्याचा मेळ राहिलेला नाही, असा निकालाचा आशय होता. त्याच वर्षी २३ जानेवारीपासून थायलंडमध्ये समलिंगी जोडप्यांना लग्नाचा कायदेशीर हक्क मिळाला होता. दोन मोठी माणसं कुणाशी लग्न करतील हे ज्या देशाने त्यांच्यावर सोपवलं, तिथे मुलाने केस किती ठेवायचे आणि मुलीने किती, याचा पन्नास वर्षांपूर्वीचा सरकारी आकडा त्यानंतरही जवळजवळ सहा आठवडे पुस्तकात होता. ज्यांना मुलगा किंवा मुलगी या दोन खणांत बसवून घ्यायचं नव्हतं, त्या विद्यार्थ्यांना या आकड्याचा जाच सगळ्यांत जास्त झाला, कारण त्यांच्यासाठी ती कात्री रोज सकाळी 'तू कोण आहेस' हेही ठरवत होती.

अर्ज करणारे २३ जण २०२० मध्ये शाळेत होते. पाच वर्षांनी निकाल लागला तेव्हा त्यांतले बहुतेक शाळेबाहेर पडलेले असणार. त्यांच्या स्वतःच्या केसांवर या निकालाचा काही परिणाम होणार नव्हता. त्यांनी तो मागून येणाऱ्यांसाठी मिळवला. थाई समाजाला 'बुनखुन' हा शब्द धाकट्यांनी थोरांचं मानायच्या ऋणासाठी माहीत आहे. इथे तो उलट्या दिशेने वापरावा लागेल.

निकालाने शाळांचे स्वतःचे नियम आपोआप गेले नाहीत. तो अधिकार शाळांकडे अजून आहे, आणि अनेक शाळांनी जुनं माप तसंच ठेवलं आहे. फरक पडला तो एवढा, की आता मुख्याध्यापकांना 'वरूनच नियम आहे' असं म्हणता येत नाही. जे आहे ते त्यांच्या सहीने आहे, आणि ते घटनेत बसतं का हा प्रश्न कुणीही मूल विचारू शकतं. थायलंडमध्ये मेच्या मध्यावर शाळेचं नवं वर्ष सुरू होतं, आणि फाटकाशी शिक्षक उभे असतातच.